डॉक्टर असताना मंडळ कशाला?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावात शिक्षिका आहे. सातवीतल्या माझ्या एका विद्यार्थ्याला गेल्या वर्षी टाइप वन मधुमेह झाला. त्याचे डॉक्टर चांगले आहेत, इन्सुलिनही नियमित चालू आहे. तरीही त्याची आई म्हणते, 'आमच्यासारखं दुसरं एखादं घर भेटलं पाहिजे.' डॉक्टर असताना अशा घरांच्या मंडळाचा खरंच उपयोग होतो का? आणि लहान गावात ते उभं राहू शकतं का?

उत्तर : उपयोग होतो, आणि भरपूर होतो. का, ते समजायला आधी हा आजार कसा सांभाळावा लागतो हे पाहावं लागेल. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्यामुळे किंवा आईच्या हातून काही चुकल्यामुळे हे होत नाही. ही गोष्ट तुमच्या शाळेत आणि त्या आईच्या सासरी-माहेरी शंभरदा सांगावी लागली तरी सांगा. त्यानंतर रोज बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागतं, आणि किती घ्यायचं हे जेवण, खेळ, ताप, परीक्षेचा ताण अशा सगळ्यांवर ठरतं. डॉक्टरांची भेट महिन्या-दोन महिन्यांतून होते. बाकीचे सगळे निर्णय घरीच होतात. पहाटे तीनला पोराला दरदरून घाम फुटला तर उठायचं आईनेच. गणपतीत दोन उकडीचे मोदक खाल्ले तर काय करायचं, सहलीला पाठवायचं की नाही, पाहुण्यांसमोर इंजेक्शन घ्यायचं की आतल्या खोलीत जाऊन, हे प्रश्न केसपेपरवर येतच नाहीत. ज्या घराने ते आधी सोसलेत, तेच घर त्यांची उत्तरं देऊ शकतं.

इन्सुलिन मिळाल्यावर काही वर्षांतच एकत्र येण्याची गरज माणसांना कळली होती. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन दिलं गेलं, आणि तोवर हमखास मरणाचा असलेला आजार जगण्याचा झाला. 1926 मध्ये लिस्बनला अर्नेस्तो रोमा या डॉक्टरांनी गरीब मधुमेहींसाठी संस्था काढली, कारण औषध निघालं तरी ते विकत घेण्याची ऐपत सगळ्यांची नव्हती.

मला मात्र रॉबिन लॉरेन्स यांची गोष्ट जास्त जवळची वाटते. लंडनमध्ये शल्यचिकित्सा शिकत असताना, 1920 मध्ये, त्यांना मधुमेह असल्याचं कळलं. घरच्यांना आपलं मरण पाहावं लागू नये म्हणून ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले. 1923 मध्ये लंडनच्या सहकाऱ्याने कळवलं की इन्सुलिन आलंय, गुण येतोय, लगेच परत या. प्रकृती पार खालावलेली असताना ते मोटारीने लंडनला पोचले, वाचले, आणि पुढे मधुमेहाचेच डॉक्टर झाले. लेखक एच. जी. वेल्स हे त्यांचे रुग्ण. या दोघांनी 1934 मध्ये ब्रिटनमध्ये मधुमेहींची संघटना उभी केली. आजची 'डायबेटिस यूके' ती हीच. स्वतः टोचून घेणारा डॉक्टर आणि स्वतः मधुमेही असलेला लेखक एकत्र आले, तेव्हा रुग्ण हा नुसता सल्ला ऐकणारा राहिला नाही. 1968 मध्ये लॉरेन्स वारले, म्हणजे निदानानंतर ते जवळजवळ अर्धं शतक जगले.

नव्याने निदान झालेल्या घराला नेमकं हेच डोळ्यांनी पाहावं लागतं. नोकरी करणारी, लग्न झालेली, मुलंबाळं असलेली टाइप वनची बाई समोर चहा पीत बसलेली दिसली की आईच्या मनातला अर्धा अंधार तिथेच सरतो. मुलींच्या बाबतीत तर फारच, कारण 'हिचं लग्न कसं होणार' या धास्तीने आपल्याकडे हा आजार वर्षानुवर्षं लपवला जातो आणि लपवण्याच्या नादात इन्सुलिन चुकतं.

महाराष्ट्रात हे काम नवं नाही. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी 1995 मध्ये 'ड्रीम ट्रस्ट' सुरू केला तो गरीब मुलांना इन्सुलिन मिळावं म्हणून. छत्रपती संभाजीनगरची 'उडान', मुंबईतलं 'जुवेनाइल डायबेटिस फाउंडेशन' याच वाटेवरची. 'ब्लू सर्कल डायबेटिस फाउंडेशन' तर मधुमेहासह जगणाऱ्या माणसांनीच उभं केलं आहे.

तुमच्या गावात सुरुवात करायला चार घरं पुरतात. मुलाच्या डॉक्टरांना सांगा, की त्यांच्या बाकीच्या टाइप वन रुग्णांना विचारून, ज्यांची तयारी असेल त्यांचे फोन नंबर द्यावेत. विचारल्याशिवाय कुणाचं नाव पुढे जाता कामा नये. एखाद्या रविवारी शाळेच्या वर्गातच भेटा. थोडा वेळ मुलांना पालकांपासून वेगळं बसू द्या. आईसमोर पोरं खरं बोलत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होईलच, पण त्यावर एक नियम पहिल्या दिवसापासून कडक पाळा : अनुभव सांगायचा, डोस सांगायचा नाही. एका मुलाचे सहा युनिट दुसऱ्याला बेशुद्ध करू शकतात. आणि काढा, चूर्ण, अमुक रस यांनी इन्सुलिन सुटतं असं कुणी लिहिलं तर तिथल्या तिथे थांबवा. टाइप वनमध्ये इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. इन्सुलिन पेनही एकमेकांचं वापरायचं नाही, सुई बदलली तरी नाही. रक्तातून आजार पसरतात.

मंडळामुळे सगळ्यांचा एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेच्या सरासरीचा आकडा, झपाट्याने खाली येईल, अशी आशा मात्र धरू नका. कधी येतो, कधी नाही. एकटेपणा कमी होतो, इन्सुलिन लपवणं-चुकवणं कमी होतं, आणि मला तेवढं पुरेसं वाटतं. शिवाय चार पालक मिळून मुख्याध्यापकांकडे गेले की बोलण्याला वजन येतं. सीबीएसईने 2017 पासून टाइप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या आणि खाऊ जवळ ठेवायची मुभा दिली आहे. तुमची शाळा राज्य मंडळाची असेल तर डॉक्टरांचं पत्र घेऊन तीच सोय वर्षाच्या सुरुवातीलाच मागा.

बाई, मंडळ होईल तेव्हा होईल; तुमच्या टेबलाच्या खणात ग्लुकोजचा पुडा आजच ठेवा. साखर उतरून मूल थरथरू लागलं, घामाघूम झालं, विचित्र बोलू लागलं तर तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि त्याला एकट्याला घरी पाठवू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.