सौरपंप आणि विहिरीचें पाणी

दिल्ली दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ ही मालिका २६ जानेवारी १९६७ रोजीं सुरू झाली, तेव्हांपासून शेतीचें नवें ज्ञान पडद्यावर दिसूं लागलें. परंतु पडद्यावर यंत्राचा गुण दिसतो. हिशेब ज्याचा त्यानेंच मांडावयाचा असतो. आज आपण सौरपंपाचा हिशेब मांडूं.

ऊन्ह पॅनेलवर पडलें कीं वीज उत्पन्न होऊन पंप चालतो. डिझेल नको, वीजबिल नको, रात्रीं दारें धरावयास जाणें नको. महाराष्ट्रांत २०२४ सालीं निघालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा किंमतीच्या १० टक्के ठरला. अडीच एकरांपर्यंत ३, पांच एकरांपर्यंत ५ व त्यापुढें ७.५ अश्वशक्तीचा पंप.

लाभ खरा, पण धोकाही त्यांतच आहे. डिझेल जळत असतां पंप बंद करण्याची घाई असते. ऊन्ह फुकट, म्हणून पंप दिवसभर चालूं राहतो आणि पाणी खोल जातें. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद कायम, आंत मात्र कोरडा खडक, अशा विहिरी आम्हीं महसुली नोकरींत पुष्कळ पाहिल्या.

म्हणून तीन गोष्टी कराव्या. पंप घेण्यापूर्वीं चैत्रांत विहीर किती तासांत उपसते व किती तासांत भरते, हें मोजावें. पाटाऐवजीं ठिबक जोडावें. पॅनेलवरील धूळ वरचेवर पुसावी व त्यावर झाडाची सावली येऊं देऊं नये.

सूर्य रोज उगवेल. आटलेला झरा परत येईलच, असें नाहीं.