बिऱ्हाड हलले, पण नाव हलले काय?



मागे गट ऑफिसात बिलाची चौकशी करायला आलेले एक सभासद आम्हाला म्हणाले, "अहो, पोरांच्या शाळेपायी आम्ही धनज सोडून कारंज्याला राहायला गेलो. चार वर्षं झाली. पण ऊस इथंच, शेअर इथंच, सात-बारा इथंच. मग मतदार यादीतलं नाव इथंच राहिलं तर बिघडलं कुठं?"

हा प्रश्न पुष्कळ कास्तकारांच्या मनात असतो, म्हणून त्याचा नीट विचार करू.

कारखान्याचे सभासद-रजिस्टर आणि सरकारची मतदार यादी ही दोन वेगळी दप्तरे आहेत. गाव सोडले म्हणून शेअर जात नाही. मतदार यादी मात्र राहत्या जागेवर चालते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. चूल जिथे पेटते, तिथे नाव. आणि हे नाव आपोआप जात नसतं. ते आपणच न्यावे लागते.

यात बिघडते काय? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगर परिषद यांच्यासाठी निराळी नावनोंदणी होत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरतात. म्हणजे एका ठिकाणची चूक सगळ्या निवडणुकांत जाते. गावच्या प्रभागात तर चार-दोन मतांवर सदस्य ठरतो. तिथे न राहणाऱ्यांची नावे राहिली, तर राहणाऱ्यांचा कौल झाकला जातो. उलट, जिथे आपण पाणी भरतो, पट्टी भरतो, तिथे आपल्याला मत नाही!

दुसरी चूक म्हणजे नवे नाव घालायचे आणि जुने तसेच ठेवायचे. कलम १७ व १८ प्रमाणे एका माणसाचे नाव एकदाच, एकाच ठिकाणी असले पाहिजे. अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिले तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२५ च्या नगर परिषद निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले, ते याचसाठी.

आता करायचे काय?

१) राहते ठिकाण बदलले की नमुना क्र. ८ भरावा. मतदारसंघ तोच असो (धनजहून कारंजा) की दुसरा (धनजहून अमरावती), २०२२ पासून अर्ज हाच. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेल्यावर नवमतदाराचा नमुना ६ भरावा लागे. आता स्थलांतरासाठी तो भरू नये. ओळखपत्राचा नंबर तोच राहतो, पत्ता बदलतो.

२) सोबत नव्या पत्त्याचा पुरावा द्यावा: आधार, बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, वीजबिल, नोंदणीकृत भाडेकरार वगैरे.

३) अर्ज नव्या गावच्या बी.एल.ओ.कडे, तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत किंवा मोबाईलवरून आयोगाच्या पोर्टलवर करता येतो. अडचण आल्यास १९५० या नंबरवर फोन करावा.

४) मतदानाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करू नये. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते.

५) घरातले कोणी वारले असल्यास नमुना ७ भरून नाव कमी करावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या भावांनी मात्र घाबरू नये. हंगामापुरते गाव सोडल्याने रहिवास तुटत नाही. नाव तांड्यावर, गावातच राहते. २०२४ साली विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर आले होते. अशा वेळी मुकादमाने टोळीला मतदानासाठी गावी जाऊ द्यावे.

लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव हा तर घरोघरचा विषय. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी नोंद केली होती. आज सून नाव सांगते, पण तिचे नाव माहेरच्या यादीत अडकून पडते. मुलीला सासरी धाडताना आपण भांडीकुंडी आठवणीने देतो. तिचे नावही नमुना ८ भरून तिकडे न्यावे.

तेव्हा एक संध्याकाळ घरातल्या सर्वांची ओळखपत्रे घेऊन बसावे. कोण कुठे राहतो आणि नाव कुठे आहे, ते ताडून पाहावे. त्याच बैठकीत कारखान्याच्या रजिस्टरातला आपला पत्ताही तपासावा. तो जुना असेल तर शेअर विभागाला लेखी कळवावे, म्हणजे वार्षिक सभेची नोटीस बंद घराच्या दारात पडून राहणार नाही.

शेअर आपला, मतही आपले. दोन्ही दप्तरे चोख ठेवणे आपल्याच हाती आहे.

कळावे.