हिमशिखरे आणि रात्रीचा मुक्काम : गढवालच्या चट्ट्यांचा एक अभ्यास

शाळेत असताना आम्ही हिमालयातील शिखरांच्या उंचीचे आकडे पाठ करीत असू. कांचनगंगा ८,५८६ मीटर, नंदादेवी ७,८१६ मीटर, कामेट ७,७५६ मीटर. परीक्षेत त्या आकड्यांचे गुणही मिळाले. परंतु या शिखरांच्या पायथ्याशी जो माणूस जातो, तो रात्री झोपतो कुठे, हा प्रश्न भूगोलाच्या तासाला कधी निघाला नाही आणि केदारनाथला जाईपर्यंत माझ्याही मनात कधी आला नाही.

आम्ही चौघे मित्र ऋषिकेशहून सकाळी निघालो. मोटारीने दिवसभर प्रवास करून सोनप्रयागला आणि तेथून जीपने गौरीकुंडला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सोळा किलोमीटरची चढण चढून संध्याकाळी केदारनाथला आलो. दर्शन झाले, गरम खिचडी खाल्ली आणि आम्ही पांघरुणात शिरलो. मग डोके ठणकू लागले. जरा डोळा लागला की श्वास अडकल्यासारखे होऊन जाग येई. आमच्यातील सर्वांत धडधाकट मित्राला दोनदा उलटी झाली. पहाटे केदारनाथ शिखरावर सोनेरी ऊन पडले होते म्हणे. मी मात्र तेव्हा डोके धरून भिंतीला टेकून बसलो होतो. शेजारच्या खोलीतील एका वृद्ध यात्रेकरूने एवढेच सांगितले, "औषध शोधू नका, खाली उतरा." आम्ही उतरलो. गौरीकुंड येईपर्यंत चौघेही बरे झालो होतो.

हे असे का झाले, याचा शोध घेताना मला एक जुना शब्द सापडला. तो शब्द म्हणजे 'चट्टी'. प्रस्तुत लेख त्या शब्दाविषयी आहे.

शिखरे आणि तीर्थे

गढवाल हा आजच्या उत्तराखंड राज्याचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग. येथे अलकनंदा, मंदाकिनी, भागीरथी आणि यमुना या नद्यांची खोरी आहेत आणि त्यांच्या माथ्याशी बर्फाच्छादित शिखरे उभी आहेत. बदरीनाथच्या मागे नीलकंठ, केदारनाथच्या मागे ६,९४० मीटरचे केदारनाथ शिखर, तर या दोन तीर्थांच्या मधल्या हिममय प्रदेशात ७,१३८ मीटरचे चौखंबा. येथील प्रमुख तीर्थे शिखरांवर नाहीत, शिखरांच्या पायथ्याशी आहेत. बदरीनाथ सुमारे ३,१०० मीटरवर, तर केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. नदी जेथून येते त्या खोऱ्याच्या टोकापर्यंत माणूस गेला आणि तेथे त्याने देऊळ बांधले. त्यापुढे हिमनदी आणि कडे.

या भूरचनेमुळे यात्रेकरूला दोन गोष्टींना तोंड द्यावे लागते. एक म्हणजे विरळ हवा, आणि दुसरी म्हणजे हिमनद्यांनी व दरडींनी आणून टाकलेली अस्थिर जमीन. मुक्काम कोठे करावा, हा प्रश्न या दोहोंशी निगडित आहे.

चट्टी म्हणजे काय?

मोटाररस्ते होण्यापूर्वी ही यात्रा हरिद्वार-ऋषिकेशपासून पायी होत असे. वाटेवर काही मैलांच्या अंतराने यात्रेकरूंच्या उतरण्याची जागा असे. तिला चट्टी म्हणत. दगडी भिंतीची, गवताने किंवा पाटीच्या दगडाने शाकारलेली लांबट पडवी आणि तिला लागून एक दुकान, असे तिचे साधे रूप होते. तिचा व्यवहार मला फार मनोवेधक वाटला. झोपण्याच्या जागेचे भाडे नसे. यात्रेकरूने पीठ, तांदूळ, डाळ, तूप त्या दुकानातून घ्यायचे, एवढीच अट. स्वयंपाकाची भांडी दुकानदार देई.

परतताना गुप्तकाशीजवळ एका चहाच्या दुकानात आम्ही थांबलो होतो. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाचे आजोबा चट्टी चालवीत. तो म्हणाला, "बेटा, सकाळी यात्री निघाले की आजोबा आधी भांडी मोजायचे आणि मग माणसे." माणसे कशासाठी, असे मी विचारले. तो म्हणाला, "रात्री जितकी आली तितकी सकाळी उठली का, ते बघायला नको? कोणी आजारी असला तर त्याला एक दिवस ठेवून घ्यायचे."

चट्ट्यांचे हे चित्र सगळेच गोमटे होते असे मात्र समजू नये. पडव्यांतून दाटी होई, पाणी दूषित होई आणि यात्रेच्या दिवसांत पटकीची साथ याच वाटेने वर सरकत जाई. पुण्यकर्म म्हणून बांधलेल्या धर्मशाळांनी या व्यवस्थेला हातभार लावला. बदरी-केदारच्या वाटेवर धर्मशाळा बांधणाऱ्यांत अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'काली कमलीवाले बाबा' म्हणून ओळखल्या गेलेल्या स्वामी विशुद्धानंदांनी ऋषिकेशला संस्था उभारली. तिच्या धर्मशाळा व अन्नछत्रे यात्रामार्गावर ठिकठिकाणी निघाली.

आज चट्ट्या बव्हंशी गेल्या, नावे राहिली. बदरीनाथच्या वाटेवर हनुमानचट्टी आहे. यमुनोत्रीच्या वाटेवर दुसरी हनुमानचट्टी, फूलचट्टी आणि जानकीचट्टी आहे. मोटारीच्या खिडकीतून ती नावे पाट्यांवर वाचली जातात आणि मागे पडतात.

उंची आणि झोप

आता माझ्या डोकेदुखीकडे वळतो. केदारनाथच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, पण हवाच विरळ असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर तो कमी मिळतो. शरीर याला जुळवून घेते. श्वास जलद होतो आणि कालांतराने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. पण त्यासाठी दिवस लागतात. वेळ न मिळाल्यास डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही लक्षणे दिसतात. दुर्लक्ष केल्यास फुप्फुसांत पाणी साठते किंवा मेंदूला सूज येते आणि माणूस दगावतो.

यातील महत्त्वाचा मुद्दा असा की, दिवसा माणूस किती उंच चढला यापेक्षा तो रात्री किती उंचीवर झोपला याला अधिक महत्त्व आहे. पर्वतीय वैद्यकाचा सर्वसाधारण नियम सांगतो की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. गिर्यारोहकांत 'चढा उंच, झोपा खाली' असे म्हणतात, ते यामुळेच.

या नियमाने आमच्या प्रवासाचा हिशेब केला. ऋषिकेश सुमारे ३५० मीटरवर. पहिली रात्र गौरीकुंडला, म्हणजे जवळजवळ २,००० मीटरवर. दुसरी रात्र ३,५८३ मीटरवर. दुसऱ्या एका दिवसात झोपण्याची उंची सुमारे १,६०० मीटरने वाढली. आता जुन्या यात्रेकरूचा हिशेब पाहा. ऋषिकेश ते केदारनाथ हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. दिवसाला पंधरा ते वीस किलोमीटर चालणारा माणूस बारा ते पंधरा रात्री वाटेतल्या चट्ट्यांवर झोपत झोपत वर जाई. चट्टीवाल्याला प्राणवायूचे शास्त्र ठाऊक नव्हते. चट्ट्यांमधील अंतर माणसाच्या पायांनी ठरविले होते. परंतु पायांच्या त्या मापात फुप्फुसांचीही सोय आपोआप होत होती. आपल्याकडे पंढरीच्या पालखीचे मुक्काम ठरलेले असतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे मुक्काम चुकला तर प्राणाशी गाठ असते.

गिर्यारोहकांची साक्ष

शिखरांवर जाणारे लोकही वेगळे काही करीत नाहीत. १९३६ च्या ऑगस्टमध्ये टिलमन आणि ओडेल हे दोघे नंदादेवीच्या माथ्यावर पोहोचले. त्या काळी माणसाने चढलेले ते सर्वांत उंच शिखर होते. पण त्यामागे ऋषिगंगेच्या घळीपासून वर एकामागून एक लावलेल्या तळांची माळ होती. प्रत्येक तळ म्हणजे, आपल्या भाषेत, एक चट्टीच.

नेपाळमधील एव्हरेस्टच्या वाटेवर हेच तत्त्व आजही पाळले जाते. तेथे शेर्पा कुटुंबे घरातच प्रवाशांना उतरवून घेऊ लागली आणि त्यांतून आजचे 'लॉज' निर्माण झाले. जाणता प्रवासी ३,४४० मीटरवरील नामचे बाजारला दोन रात्री राहतो, पुढे ४,४१० मीटरवरील दिंगबोचेला पुन्हा दोन रात्री घालवतो आणि मगच वर सरकतो. याउलट उदाहरणही त्याच खोऱ्यात आहे. १९७१ साली नामचेच्या वर ३,८८० मीटरवर एव्हरेस्टचे दर्शन घडविणारे एक आलिशान हॉटेल उघडले. पाहुणे विमानाने जवळच्या धावपट्टीवर उतरत. दर्शन खिडकीतून होई, पण वाटेतला एकही मुक्काम न घडल्यामुळे अनेकांना उंचीचा त्रास होई. म्हणून खोल्यांत प्राणवायूची सोय ठेवावी लागली.

निवाऱ्याची जागा

मुक्कामाचा दुसरा प्रश्न जमिनीचा. या बाबतीत गढवालचा इतिहासच शिक्षक आहे. १८९३ साली प्रचंड दरड कोसळून बिरही गंगा अडली आणि गोहना तलाव तयार झाला. हा बांध केव्हातरी फुटणार हे अभियंत्यांनी ओळखले. तलावापासून खाली तारयंत्राची लाइन टाकण्यात आली, खोऱ्यात सुरक्षित उंचीच्या खुणा उभारल्या गेल्या आणि काठावरची वस्ती हलविण्यात आली. ऑगस्ट १८९४ मध्ये बांध फुटला. गढवालमधील श्रीनगर शहर वाहून गेले. परंतु माणसे दगावली ती पाचच, एक फकीर आणि त्याचे कुटुंब. बजावूनही ते परत खाली गेले होते.

१९६२ च्या युद्धानंतर सीमेकडे जाणारे मोटाररस्ते झपाट्याने झाले. यात्रा सोपी झाली, आणि नदीकाठच्या रस्त्यालगत वस्ती व दुकाने वाढू लागली. जुलै १९७० मध्ये अलकनंदेला महापूर आला, तेव्हा बेलाकुची हे रस्त्यावरचे गाव तेथे थांबलेल्या बसगाड्यांसह वाहून गेले. १९७६ साली सरकारी समितीने जोशीमठविषयी इशारा दिला की, हे गाव जुन्या दरडीच्या मलब्यावर वसले आहे, तेथे जड बांधकाम करू नये. तरीही बदरीनाथच्या वाटेवरील मोठा मुक्काम म्हणून तेथे मजल्यांवर मजले चढत गेले. जानेवारी २०२३ मध्ये आठशेहून अधिक इमारतींना तडे गेल्याचे आढळले आणि अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली.

जून २०१३ ची केदारनाथची आपत्ती सर्वांना ठाऊक आहेच. १६ आणि १७ जूनला अतिवृष्टी झाली, मंदिराच्या वरच्या बाजूचा चोराबारी तलाव फुटला आणि पाण्याबरोबर हिमनदीचे दगडगोटे खाली आले. उत्तराखंडात पाच हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. मंदिर उभे राहिले. परंतु भोवतालच्या धर्मशाळा आणि लॉज कोसळले. वाटेतले रामबाडा हे मुक्कामाचे गाव नकाशावरून पुसले गेले. पुढे नवी वाट मंदाकिनीच्या दुसऱ्या तीरावरून काढली गेली आणि गरुडचट्टीसारखी ठिकाणे बाजूला पडली.

पाऊस माणसाच्या हातात नव्हता, हे खरे. पण पावसाच्या त्या रात्री एवढी माणसे खोऱ्याच्या टोकाशी, हिमनदीच्या गाळावर, एकाच ठिकाणी झोपलेली का होती? पंधरा चट्ट्यांवर विखुरली जाणारी गर्दी दोन-तीन ठिकाणी गोळा झाली होती, हे त्याचे एक कारण आहे, असे मला वाटते. आणि गर्दी वाढतेच आहे. २०२३ च्या एका हंगामात केदारनाथला साडेएकोणीस लाखांहून अधिक यात्रेकरू गेले.

काय करता येईल?

रस्ते नकोत, असे मी म्हणत नाही. रस्त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना यात्रा घडते, डोंगरातल्या गावांतील रोग्याला इस्पितळ गाठता येते. पुन्हा सर्वांनी ऋषिकेशपासून चालावे, असे सांगणे हा भाबडेपणा होईल. परंतु चट्टीचे तत्त्व रस्त्यावरही पाळता येईल. मधल्या उंचीवरच्या गावांतून, पक्क्या जमिनीवर, लहान निवास व घरगुती मुक्काम वाढवावेत. टोकाच्या ठिकाणी रात्री किती माणसांनी राहावे, याला मर्यादा असावी. त्यामुळे मधल्या गावांतील कुटुंबांना चार पैसेही मिळतील. आज मोटार त्यांच्या दारावरून धूळ उडवीत निघून जाते.

आपल्या महाविद्यालयाची सहल कधी तिकडे निघालीच, तर आयोजकांना माझी विनंती आहे. वेळापत्रकात एक दिवस गुप्तकाशीला आणि एक दिवस गौरीकुंड परिसरात राखून ठेवावा. केदारनाथचे दर्शन घेऊन प्रकृती बिघडलेल्याने रात्रीची वाट न पाहता खाली यावे. आणि सकाळी निघताना प्रमुखाने त्या चट्टीवाल्या आजोबांप्रमाणे आधी भांडी मोजली तरी चालतील. पण माणसे मोजायला विसरू नये.