अश्वाच्या सामान्य व्याधी व नित्य परिचर्या : ग्रामीण वैद्य आणि औषधविक्रेता यांचे कर्तव्य

प्रस्तावना

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या परिसरात, किंबहुना सर्वच हिंगोली जिल्ह्यात, घोडा आता क्वचितच दृष्टीस पडतो. १९०३ पर्यंत हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे लष्करी ठाणे होते आणि तेथे घोडदळ असे. आज वरातीचा घोडा, मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणारे तट्टू आणि हौसेने बाळगलेले एखादे उमदे जनावर एवढाच अश्वांचा वावर उरला आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबा यात्रेत मात्र मार्गशीर्षात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथून घोडा विकत आणणारा मालक पुष्कळदा या विद्येत नवखा असतो. जनावर आजारी पडले की तो प्रथम गावातील वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानी येतो आणि "काहीतरी द्या" म्हणतो. अशा वेळी आपण काय द्यावे, काय देऊ नये आणि कोणती लक्षणे ओळखावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शास्त्राची भूमिका

अश्वचिकित्सा ही आयुर्वेदाच्या परंपरेतील स्वतंत्र शाखा आहे. शालिहोत्र हे तिचे आद्य आचार्य मानले जातात. नकुलाच्या नावावरील अश्वचिकित्सा आणि जयदत्ताचे अश्ववैद्यक हे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाय, अश्व इत्यादींसाठी बस्तीचा विचार आला आहे व तेथे प्राण्यांनुसार द्रव्ये वेगवेगळी सांगितली आहेत. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या 'अश्वाध्यक्ष' प्रकरणात चिकित्सेतील हयगयीमुळे व्याधी वाढल्यास चिकित्सकास दंड सांगितला आहे. या सर्वांतून एकच बोध होतो, तो असा की प्राणिभेदाने शरीर भिन्न, म्हणून औषधही भिन्न. मनुष्याची मात्रा वजनाच्या प्रमाणात वाढवून घोड्यास देणे, अथवा बैलाचा उपाय घोड्यास लावणे, हे शास्त्रसंमत नाही.

शरीररचनेतील विशेष

घोडा गवत खातो, परंतु रवंथ करीत नाही. त्याचे जठर एकच व शरीराच्या मानाने लहान, साधारण ८ ते १५ लिटर क्षमतेचे असते. वैरणीचे पचन मुख्यत्वे विशाल स्थूलांत्रात, तेथील सूक्ष्म जीवांच्या साह्याने होते. जठराच्या मुखाशी असलेल्या स्नायूंच्या घट्ट वलयामुळे घोड्यास सहसा वांती होऊ शकत नाही. त्यामुळे अतिभोजन किंवा वायुसंचय झाल्यास जठर फुटण्यापर्यंत वेळ येते. तसेच घोडा केवळ नाकाने श्वास घेतो. बाटलीने वा बांबूच्या नळीने बळेच पाजलेले तेल किंवा काढा श्वासमार्गात उतरून फुप्फुसदाह होण्याचा धोका मोठा असतो. बैलास सवयीने पाजला जाणारा काढा घोड्यास घातक ठरू शकतो, तो या कारणाने.

प्रकृतिस्थ घोड्याची लक्षणे

विकृती ओळखण्यासाठी प्रकृतीचे ज्ञान आवश्यक आहे. पूर्ण वाढलेल्या, विश्रांतीत असलेल्या घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४, श्वसन ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. नाडी जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या धमनीवर बोटे ठेवून पाहावी. वैद्यास हे सहज जमते. हिरडी गुलाबी व ओलसर असावी. ती बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. पोटाच्या दोन्ही बाजूंस कान लावल्यास गुरगुर ऐकू यावी. मालकाने निरोगी अवस्थेतच या नोंदी करून ठेवाव्यात, असे आपण त्यास आवर्जून सांगावे.

नित्य परिचर्या

आहार : घोड्याच्या आहारात वैरण प्रधान व चंदी गौण असावी. शरीरभाराच्या दीड ते दोन टक्के शुष्क वैरण रोज मिळावी. ३०० किलोच्या घोड्यास ४.५ ते ६ किलो. आपल्याकडे ज्वारीचा वाळलेला, बुरशी न लागलेला कडबा ही उपलब्ध वैरण आहे. मात्र हिरव्या ज्वारीच्या शेतात घोडा दीर्घकाळ चरू देऊ नये. त्याने मूत्राशयाचा विकार होऊन मागील पाय लटपटतात, असे आढळले आहे. हरभरा किंवा अन्य धान्याची चंदी थोडी थोडी, दोन-तीन वेळा विभागून द्यावी. आहारातील कोणताही बदल सात ते दहा दिवसांत क्रमाने करावा. वरातीत लोक कौतुकाने शिळ्या पोळ्या, मिठाई, कणकेचे गोळे चारतात, ते टाळावे. कोंबड्यांचे तयार खाद्य तर मुळीच देऊ नये, कारण त्यात मिसळले जाणारे मोनेन्सिन हे द्रव्य घोड्याच्या हृदयास अल्प मात्रेतही मारक आहे.

जल : ३०० किलोच्या घोड्यास दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागते, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात व श्रमानंतर ते दुप्पट वा अधिक लागते. स्वच्छ पाणी नेहमी समोर असावे व चाटण्यास खडेमीठ ठेवावे.

खूर : रोज खुराच्या तळव्यातील माती व लीद काढावी. ओल्या, घाण जागेत बांधल्यास तळव्यातील त्रिकोणी मऊ भाग कुजून काळा, दुर्गंधी स्राव येतो. नाल सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून काढून, वाढलेले खूर कापून पुन्हा बसवावी.

दंत : घोड्याचे दात आयुष्यभर झिजत व वर येत राहतात. त्यांना धारदार कडा आल्यास गाल व जीभ कापते, अर्धवट चावलेले घास खाली पडतात आणि लिदीत अखंड दाणे दिसतात. वर्षातून एकदा दात तपासून घ्यावेत.

खरारा : रोज खरारा करताना त्वचा, गोचिडी, खोगिराने झालेले व्रण आणि पायांची उष्णता आपोआप पाहिली जाते. मोतद्दाराचा हा अर्धा तास निम्मे निदान करून देतो.

उदरशूल

घोड्याच्या सर्व व्याधींत वैद्याने प्रथम ओळखावी अशी ही व्याधी आहे. घोडा वारंवार पोटाकडे वळून पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, ओठ वर उचलतो, खाली बसतो-उठतो, लोळतो, घामाघूम होतो. लीद कमी होते वा बंद पडते. चंदीचा अतिरेक, अपुरे पाणी, एकाएकी आहारबदल, कृमी व झिजलेले दात ही नेहमीची कारणे आहेत. सिद्धेश्वरसारख्या जलाशयाच्या काठी आणखी एक कारण लक्षात ठेवावे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवरील आखूड गवत घोडा ओठांनी मुळाशी खुडतो आणि त्यासोबत वाळू व गाळ पोटात जातो. ही माती स्थूलांत्रात साचून शूल उत्पन्न करते. मूठभर लीद पाण्यात कालवून भांडे स्थिर ठेवल्यास तळाशी बसलेली वाळू दिसू शकते.

शूल साधा की आतड्याला पीळ पडलेला, हे बाहेरून निश्चित कळत नाही. नाडी ६० च्या वर जाणे, हिरडी जांभळट वा विटकरी होणे, पोटातील आवाज बंद होणे आणि असह्य वेदनेनंतर एकाएकी घोडा मलूल होणे, ही अरिष्टसूचक लक्षणे होत. अशा स्थितीत तास मोजावे लागतात. पशुवैद्यक येईपर्यंत वैरण व चंदी काढून घ्यावी, घोडा लोळून स्वतःस इजा करीत असेल तर मोकळ्या जागी सावकाश चालवावे, परंतु दमवू नये. नाकातून नळी घालून जठर रिते करणे हे पशुवैद्यकाचेच काम आहे.

अन्य महत्त्वाच्या व्याधी

खूरदाह : धान्य अधिक खाल्ल्यावर किंवा तीव्र ज्वरानंतर खुराच्या आतील पटलांचा दाह होतो. घोडा पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतो, खूर उष्ण लागतात. त्यास चालवू नये. मऊ जमिनीवर उभे करून खुरांवर थंड पाणी सोडावे.

स्नायुस्तंभ : वरातीचा घोडा अनेक दिवस बांधून, भरपूर चंदी खाऊन, एकाच रात्री तासन्‌तास नाचविला जातो. मग पाठीचे व पुठ्ठ्याचे स्नायू ताठरतात, मूत्र कॉफीसारखे होते. काम तत्क्षणी थांबवावे. काम नसलेल्या दिवशी चंदी कमी करणे हाच याचा प्रतिबंध होय.

सर्रा : रक्तातील परजीवीमुळे होणारा हा रोग चावऱ्या माश्यांमार्फत पसरतो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी पंजाबातील जनावरांत हा परजीवी शोधला. येऊन-जाऊन ज्वर, पांडुता, कृशता, पायांवर व पोटाखाली सूज ही लक्षणे असतात. पावसाळ्यात व त्यानंतर, पाणथळ भागात अधिक सावध राहावे. रक्ततपासणीशिवाय निदान नाही.

धनुर्वात : घोडा या व्याधीस फार सहज बळी पडतो. खिळा रुतणे किंवा नालेची जखम पुरेशी होते. जखम धुऊन हळद लावली म्हणजे काम झाले, असे मानू नये. लस आवश्यक आहे.

ग्लँडर्स : नाकातून चिकट स्राव, नाकात व्रण, पायांवर ओळीने गाठी. हा रोग माणसास होतो व घातक ठरतो. २००६ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत तो आढळला होता. घोड्यावर उपचार न करता शासनास कळविणे बंधनकारक आहे. अशा घोड्यास हात लावू नये, त्याची भांडी वेगळी करावीत.

लाळ गळणारा, गिळू न शकणारा घोडा 'घशात काही अडकले' म्हणून आपल्याकडे आणला जातो. त्यास आलर्करोग असू शकतो. म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

१. जयपालयुक्त तीव्र विरेचने (उदा. इच्छाभेदी रस) घोड्यासाठी देऊ नयेत. स्थूलांत्रातील सूक्ष्म जीवसृष्टी बिघडून मारक अतिसार होऊ शकतो.
२. वत्सनाभ, कुचला यांसारखी विषद्रव्ये असलेले कल्प 'घोड्याचा मसाला' म्हणून अंदाजाने विकू नयेत.
३. डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ पासून, तर किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅकच्या अशा वापरावर २०२३ पासून बंदी आहे. मृत जनावराच्या मांसातून गिधाडे दगावतात. मानवी वापराचे इंजेक्शन घोड्यासाठी मागितल्यास नकार द्यावा. शिवाय वेदनाशामकाने शूलाची लक्षणे झाकली जाऊन मौल्यवान वेळ निघून जातो.

कायदा व आपली मर्यादा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० अन्वये पशुवैद्यकीय चिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. आयुर्वेदाची पदवी त्यास पर्याय नाही. मात्र लक्षण ओळखणे, नाडी व तापमान नोंदवून देणे, चुकीचा उपाय रोखणे आणि मालकास वेळेवर योग्य ठिकाणी पाठविणे, यास कोणताही कायदा आड येत नाही. जवळचा शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना, फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आणि गंभीर रुग्णासाठी परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, ही माहिती प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात लिहून लावलेली असावी.

उपसंहार

अश्वाच्या बहुतेक व्याधी आहार, जल, खूर व दंत यांच्या उपेक्षेतून उद्भवतात, म्हणजेच त्या दिनचर्येच्या व्याधी आहेत. दिनचर्या शिकविणे हा आपल्या शास्त्राचा अधिकारच आहे, आणि त्यात वैद्याने संकोच करू नये. शूलाने लोळणाऱ्या घोड्यापुढे मात्र पुडी बांधण्यापेक्षा दूरध्वनी करणे अधिक हितकर आहे. सभासदांनी आपापल्या गावातील अश्वपालकांस येत्या यात्रेपूर्वी या बाबी समजावून सांगाव्यात, अशी आमची विनंती आहे.