माळरानाच्या अभ्यासाविषयी भाचीस पत्र

मुक्काम सोलापूर

चि. ताई,

तुझे पत्र व सोबत पाठविलेला संशोधनाचा आराखडा पावला. सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यांचा मोह सोडून, त्याच्या पर्जन्यछायेत पडलेल्या इंदापूर, कर्जत, माण या तालुक्यांतील माळराने आणि शुष्क पानझडी जंगले पालटत्या हवामानात कशी वागतील, हा प्रश्न तू हाती घेतलास याचे मला मोठे समाधान वाटले. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु ज्या जमिनींचा तू अभ्यास करणार, त्यांचे दप्तर सांभाळण्यात माझी सारी नोकरी गेली, आणि तू वेळोवेळी धाडलेले शास्त्रीय निबंधही मी सवडीने वाचले आहेत. तेवढ्या अधिकारावर चार गोष्टी लिहितो.

जमिनीस उपाय सांगण्यापूर्वी ती जमीन मुळात काय आहे याचा निर्णय कर, ही त्यांतील मुख्य गोष्ट. 1835 साली गोल्डस्मिड व विंगेट या अंमलदारांनी तुझ्या इंदापूर तालुक्यातच जी पाहणी आरंभिली आणि जी पुढे मुंबई इलाख्याच्या जमाबंदीचा पाया ठरली, तिच्यात मातीचा रंग व खोली पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरवीत असत. सारा किती बसवावा एवढाच त्या पाहणीचा हेतू असल्यामुळे, जी जमीन नांगराखाली येण्याजोगी नव्हती ती पोटखराबा, पड अथवा गायरान अशा सदरांखाली जाई, आणि तिच्यावर काय उगवते याची चौकशी करण्याचे कोणास प्रयोजन पडत नसे. त्या अंमलदारांस मी बोल लावीत नाही. साऱ्यासाठी केलेल्या पाहणीने साऱ्याच्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे हे रास्तच होय. परंतु वसुलीच्या सोयीसाठी पाडलेली ती सदरे हाच सृष्टीचा स्वभाव असे पुढील पिढ्यांनी मानले, आणि तेथून घोटाळ्यास आरंभ झाला. आज उपग्रहाने टिपलेल्या चित्रांवरून वनांची मोजदाद होते, तिच्यातही वृक्षांचे छत्र शेकडा 10 ते 40 असेल तर विरळ वन आणि 10 हून कमी असेल तर झुडपी जमीन, असा हिशेब असतो. त्यामुळे हिवर, बोर, हिंगणबेट यांची दूरदूर उभी असलेली झाडे आणि त्यांच्या पायाशी कुसळी, पवना, मारवेल यांचे अखंड गवत, असा जो आपला माळ, तो एखाद्या चांगल्या जंगलाचा बिघडलेला अवशेष आहे असा ग्रह सहज होतो.

2011 साली जयश्री रत्नम व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातील मुद्दा म्हणूनच मला मोलाचा वाटला. वन कोणते आणि सॅव्हाना कोणती हे केवळ झाडांच्या दाटीवरून ठरत नाही, खालच्या गवतावरून ठरते. जेथे उन्हात वाढणाऱ्या गवतांचा थर सलग पसरलेला आहे, तेथे वर झाडे दिसत असली तरी त्या भूमीचे व्यवहार वनाहून निराळे असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेव्हा माळावर गेल्यावर खोडांस फीत लावण्याआधी खाली वाकून गवत ओळखावयास शीक. अलीकडे काही अभ्यासकांनी मराठीतील ओव्या, चरित्रे व स्थळकथा यांतील वनस्पतींचे उल्लेख गोळा करून हा काटेरी, गवताळ मुलूख इंग्रजी अमलातील जंगलतोडीहून कितीतरी जुना असल्याचे दाखविले आहे. मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेने पंढरपुरी देह ठेवला त्या स्थळी तरटीचे झाड उगवले, ही कथा तू आजीच्या तोंडून ऐकली आहेस. ती तरटीदेखील याच कोरड्या मुलखातली काटेरी वनस्पती होय. असा पुरावा एकटा पुरेसा नसतो. परंतु मातीचा, परागांचा व दप्तराचा पुरावा त्याच्या जोडीस आला म्हणजे त्यास वजन येते.

आता हवामानाविषयी. येथे घाईने भाकीत करू नकोस, कारण दोन शक्ती परस्परविरुद्ध दिशांनी ओढीत आहेत. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाऊस तितकाच पडला तरी माती व पाने यांतून ओलावा अधिक वेगाने शोषला जातो आणि झाडास तहान अधिक लागते. उलटपक्षी, हवेतील कर्बवायू वाढला की त्याचा लाभ उष्ण प्रदेशातील गवतांपेक्षा वृक्षांस व झुडपांस अधिक मिळतो. त्या बळावर रोपटी वणव्याच्या आवाक्याबाहेर लवकर वाढतील आणि गवताळ मुलूख झाडोऱ्याने भरत जाईल, असा विचार दक्षिण आफ्रिकेतील बाँड व मिजली यांनी 2000 साली मांडला. महेश संकरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली आफ्रिकेतील 854 ठिकाणांची माहिती एकत्र करून असे दाखविले, की वर्षाकाठी सुमारे 650 मिलिमीटरहून कमी पाऊस असेल तेथे झाडांच्या विस्ताराची कमाल मर्यादा पाऊसच ठरवितो, आणि त्याहून अधिक असेल तेथे वणवा व चराई नसल्यास झाडे दाटत जातात. तुझ्या तालुक्यांत पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास. म्हणून ही रेषा तुला आयतीच लागू पडेल असे वाटण्याचा संभव आहे. परंतु आपला मुरूम, आपला लहरी मान्सून आणि शतकानुशतकांची मेंढरांची चराई ही येथली आहेत. परक्या भूमीवरचा निष्कर्ष प्रश्न म्हणून घ्यावा, निकाल म्हणून घेऊ नये.

त्याचा निकाल लागतो तो दीर्घकाळ राखलेल्या नोंदींवर. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात ठरावीक मुदतीने गवत जाळून पाहण्याचे प्रयोग 1954 पासून चालले आहेत. निलगिरीच्या पायथ्याशी मुदुमलई येथे रामन सुकुमार यांच्या मार्गदर्शनाखाली 1988 साली 50 हेक्टरांचा कायमचा तुकडा आखण्यात आला आणि त्यातील एक सेंटिमीटर व त्याहून जाड अशा प्रत्येक खोडाची नोंद ठेवण्यात आली. त्या नोंदींतून असे निष्पन्न झाले, की मोठ्या वृक्षांच्या मरणाचा अपुऱ्या पावसाशी असलेला संबंध दोनतीन वर्षांनी दिसून येतो. जो संशोधक दुष्काळाच्याच वर्षी येऊन, झाडे उभी आहेत असे पाहून परत गेला असता, त्याने खोटे काही न लिहिताही जगास चुकीची वार्ता सांगितली असती. तुझ्या पदवीची मुदत संपेल, पण तुझे तुकडे चालू राहतील अशी तजवीज आजच कर: खुणांचे दगड पक्के रोव, नोंदवही दुसऱ्यास वाचता येईल अशी लिही, आणि ज्या वर्षी काही घडले नाही त्या वर्षाचा रकानाही कोरा ठेवू नकोस.

मेंढपाळांशी वागताना त्यांस साक्षीदार समज, आरोपी समजू नकोस. पावसाळा माळावर काढून पुढे कोकणात उतरणाऱ्या धनगरांस कोणते गवत कोणत्या नक्षत्रात कोवळे असते आणि कोणत्या सालापासून दुर्मीळ झाले, याची जाण असते. जेथे ती नोंदींशी जुळत नाही तेथे दोहोंची फेरतपासणी कर.

शेवटची गोष्ट धैर्याची आहे. जगात 90 कोटी हेक्टर जमिनीवर वृक्षाच्छादन वाढविता येईल व त्यायोगे 205 अब्ज टन कार्बन साठेल, असा अंदाज 2019 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अनेक शास्त्रज्ञांनी मिळून उत्तर दिले, की त्यात नैसर्गिक गवताळ प्रदेशही धरले असून तो आकडा सुमारे पाचपट फुगलेला आहे. तरी अशा आकड्यांची मोहिनी मोठी असते. आपल्याकडेही माळावर चर खोदून गिरिपुष्पाची रोपे लावण्याचे काम पुष्कळ झाले. परंतु माळावरच्या माळढोक पक्ष्यास दूरवर मोकळे दिसावे लागते, आणि नान्नजचे अभयारण्य 1979 साली त्याच्यासाठी स्थापन झाले. तसल्या मुलखात झाडी दाटणे हे त्या पक्ष्याच्या मुळावर येते. शिवाय गवताचा कार्बन बहुतांशी जमिनीखाली असतो, तो वणव्याच्या हाती सहसा लागत नाही. याचा अर्थ वृक्षारोपण वाईट असा कोणी काढू नये. जेथे खरोखर जंगल होते व तोडले गेले, तेथे ते कर्तव्यच आहे. परंतु एक ना एक दिवस कोणी अधिकारी तुला विचारील, की बाई, या माळावर काय लावावे? तेव्हा तुझ्या नोंदींनी तसा आधार दिला असेल तर, येथे काही लावू नये, असे लेखी व सहीनिशी उत्तर दे. त्या उत्तराची मराठी प्रत ग्रामपंचायतीस दे, एक कलेक्टर कचेरीत दाखल कर आणि पोच घेतल्याशिवाय परतू नकोस.

तुझ्या आईस माझे आशीर्वाद सांग. पुढील पत्रात तुकडे कोठे आखलेस ते गट नंबरासह कळव. कळावे, हे आशीर्वाद.

तुझा
मामा