भेकराच्या मागावर

इंग्लंडमधल्या नातलगांकडून हरणांचे फोटो येतात. लंडनच्या रिचमंड पार्कात लाल हरणांचे कळप गवतात निवांत उभे आणि पाठीमागे माणसं फिरताहेत. आमच्या खारेपाटणला तसली उद्यानं नाहीत. कातळ, काजूच्या बागा, देवराया आणि शुकनदीला मिळणारे व्हाळ यांच्यामध्ये जे रान उरलंय, त्यात भेकर राहतं. एकट्यानं फिरणारं, गुडघ्याच्या थोडं वर येणारं, सावलीत विरून जाणारं. गावात त्याला बेकरो म्हणतात. सांबर बघायचं तर करूळ-भुईबावड्याच्या घाटांकडे जावं लागतं. मी बरीच वर्षं कॅमेरा घेऊन या भेकराच्याच मागे आहे. त्यातून शिकलो ते असं.

१. भेकर शोधायच्या आधी झाडं पाठ करावीत. भेकर नुसत्या गवतावर जगत नाही. कोवळी पानं, कोंब आणि गळलेली फळं हे त्याचं आवडतं खाणं. उंबर कधी पिकतो, देवराईतला बेहडा कधी गळतो, हे ज्याला ठाऊक त्याला रान तुडवावं लागत नाही. थंडीत आवळे गळायला लागले की पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला भेकर त्या झाडाखाली येतंच. आवळा ते अख्खा गिळतं आणि मग आडोशाला बसून रवंथ करताना बी तोंडातून टाकून देतं. झाडापासून लांब, करवंदीच्या जाळीमागे चोखून काढल्यासारख्या स्वच्छ बियांचा लहानसा ढीग दिसला की समजावं, ही त्याची बसायची जागा. तिथून गुमान मागे फिरावं. बसायची जागा बुजली की त्या अंगाला ते बरेच दिवस फिरकत नाही. आपण बसायचं ते झाडाकडे येणाऱ्या वाटेच्या कडेला, लांब. माझ्या आवडत्या फोटोंतले बरेचसे आवळ्याखालचेच आहेत. त्यातल्या एकात भेकरानं जीभ वर वळवून स्वतःच्या डोळ्याखालची ग्रंथी चाटलीय. एवढी लांब जीभ त्या इवल्याशा तोंडात मावते कशी, याचं मला अजून नवल वाटतं.

२. इथे वारा आणि उजेड एका बाजूला मिळत नाहीत. पहाटे मतलई वारा घाटाकडून समुद्राकडे जातो, दुपारनंतर खारा वारा उलटा येतो. भेकराचं नाक तिखट, त्यामुळे आपला वास त्याच्याकडे जाणार नाही असं बसायचं. म्हणजे सकाळी त्याच्या पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला. दोन्ही वेळा सूर्य आपल्या डोळ्यांवर! सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायची सवय असलेल्यांना हे जड जातं. मी मात्र वाऱ्याची बाजू सोडत नाही. थोडं तिरकं बसावं, लेन्सला हूड लावावा, एक्स्पोजर स्टॉपभर वाढवावं. चेहरा काळा पडत नाही आणि कानांच्या कडांवर उन्हाची रेघ उमटते. डिसेंबरात नदीवर धुकं असलं तर त्यातून येणाऱ्या उजेडाइतका सुंदर उजेड मी दुसरा पाहिला नाही.

३. पावसाळा कानांचा. शुकनदीचं पाणी बाजारपेठेत शिरायच्या दिवसांत रान इतकं दाटतं की दहा पावलांवरचं जनावर दिसत नाही. लेन्सला बुरशी धरते, म्हणून कॅमेरा सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवावा आणि नुसतं ऐकायला जावं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, थांबून थांबून, कधी बराच वेळ. "बेकरो वरडता हा, वाघ जवळ असतलो," असं शेजारचे काका म्हणतात. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. वाघ दर वेळी असतोच असं नाही. माणूस दिसला तरी ते भुंकतं. पण आवाज कुठून आला आणि कुठे सरकला हे ध्यानात ठेवलं, तर थंडीत बसायच्या जागा पावसातच ठरतात.

४. नर ओळखायला शिंगांवर विसंबू नये. मे-जूनच्या सुमाराला ती गळतात आणि नवी शिंगं मखमली कातडीत वाढतात. मुळात ती वीतभरही नसतात, केसाळ खुंटांवर बसलेली. खुंट मात्र गळत नाहीत. वरच्या जबड्यातले दोन सुळेही पाहावेत. नर झुंजतात ते या सुळ्यांनी. भेकराचाच चिनी भाऊबंद शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इंग्लंडात वोबर्नच्या उद्यानात नेला होता. तिथून तो बाहेर पसरला आणि आज तिथल्या रानांना डोईजड झालाय.

५. पिसोरीच्या मागे लागू नये. तीन किलोच्या आसपासचं, बिनशिंगाचं, ठिपक्या-पट्ट्यांचं हे जनावर रात्री फिरतं. बॅटरीचा झोत टाकून मिळवलेला फोटो मला नको.

६. मे महिन्यात पाण्यावर बसू नये. व्हाळ आटतात आणि एखाद्या कोंडात पाणी उरतं. तिथे फोटो हमखास मिळतो, म्हणून लोक तिथेच दबा धरतात. पण आपण बसलो तर तहानलेलं जनावर पाण्याविना परत जातं. त्यापेक्षा काजूच्या बागेतल्या मांगराच्या खिडकीत बसावं. मांगराची त्याला सवय असते. कातळावरचं सुकं गवत पेटलेलं दिसलं तर कॅमेरा बाजूला ठेवून आधी आग विझवायला धावावं. भेकराचं पाडस धोक्याच्या वेळी पळत नाही, दडून राहतं.

७. जागा कुणाला सांगू नये. शिकारीला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी ठासणीची बंदूक आणि फासकी दोन्ही गेलेल्या नाहीत. फासकी डुकरासाठी लावली म्हणतात, पण तार जनावर ओळखत नाही. भेकराची पायवाट ठरलेली असते आणि नेमकी त्याच वाटेवर गडग्याच्या खिंडारात फासकी लावलेली असते. म्हणून फोटो पाठवण्याआधी मी त्यातली जीपीएसची नोंद काढतो. मागे डोंगराची ओळखीची धार दिसत असेल तर तो फोटो पाठवतच नाही. ओळखीतले यावर रागावतात, रागावू देत. फासकी दिसली आणि त्यात जनावर अडकलेलं असलं तर जवळ जाऊ नये. बिथरलेलं भेकर तार आणखी आवळून घेतं. लांब थांबून वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत गर्दी हटवत राहावी.