‘लिव्हिंग’ म्हणजे नक्की काय?



गेल्या महिन्यात एक आजी मिस्सानंतर ऑफिसात आल्या. हातात एक छापील कागद होता. ‘‘फादर, नातू म्हणतो ‘लिव्हिंग विल’ करून ठेव. म्हणजे मला जिवंतपणीच मारायची परवानगी द्यायची ना? पाप होईल ना?’’

त्यांच्या भीतीचे मूळ ‘लिव्हिंग’ या एका शब्दात होते. म्हणून आधी त्या शब्दाकडे पाहू या.

इंग्रजीत ‘जिवंत’ म्हणायला अलाइव्ह, लाइव्ह आणि लिव्हिंग असे तीन शब्द आहेत. ‘अलाइव्ह’ नामाच्या आधी बसत नाही. मासा अलाइव्ह ‘असतो’, पण ‘अलाइव्ह मासा’ म्हणत नाहीत. ‘लाइव्ह’ आपल्याला 2020 च्या टाळेबंदीत चांगलाच पाठ झाला, मोबाईलवर मिस्सा पाहताना. ‘लिव्हिंग’ मात्र जागा बदलली की अर्थ बदलतो. लिव्हिंग रूम काही जिवंत नसते, ती राहण्याची खोली. (व्याकरणवाले म्हणतील, इथे ते विशेषणच नाही. त्यांचे बरोबर आहे.) लिव्हिंग वेज म्हणजे जगता येईल एवढी मजुरी. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रात अशाच मजुरीचा आग्रह धरला आणि आपल्या संविधानाच्या 43व्या अनुच्छेदात ती ‘निर्वाह वेतन’ म्हणून आली.

‘लिव्हिंग वॉटर’ समजायला आपल्याला इंग्रजी नकोच. विहिरीला ‘जिवंत झरा’ लागला, असे आपण म्हणतोच. योहानच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीनेही प्रथम तोच अर्थ घेतला आणि बादलीची चौकशी केली! सेमिनरीत आम्हाला शिकवले होते : जे स्वतःहून हालते ते जिवंत. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की वाहत्या पाण्याला जिवंत म्हणणे हे केवळ साम्यावरून. साठवणीचे पाणी ते मृत.

आता आजींचा कागद. ‘विल’ म्हटले की आपल्याला मृत्युपत्र आठवते आणि ‘जिवंत मृत्युपत्र’ ऐकताच पोटात गोळा येतो. पण इथे ‘लिव्हिंग’ हे विशेषण फक्त वेळ सांगते. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते. हे इच्छापत्र माणूस असताना लागू होते, पण त्याला स्वतः बोलता येत नाही तेव्हा. बरे होण्याची आशा उरली नाही, तर कोणते उपचार नकोत, हे त्यात आधी लिहायचे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी त्याला मान्यता दिली. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावे लागे. 24 जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. प्रत्यक्ष वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळे तपासून निर्णय घेतात. इंजेक्शन देऊन मारण्याला यात परवानगी नाही; तो आजही गुन्हा आहे.

ख्रिस्तसभा काय म्हणते? पोप पायस बारावे यांनी 1957 सालीच डॉक्टरांना सांगितले होते की असाधारण उपाय करण्याचे बंधन कोणावर नाही. शरीराला निव्वळ छळणारे आणि फळ न देणारे उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे. मात्र एका ठिकाणी कायदा आणि आपली शिकवण वेगळी होते. नळीतून दिलेले अन्न-पाणी हा कायद्याच्या दृष्टीने उपचार आहे आणि तो थांबवता येतो. ख्रिस्तसभेच्या मते ती साधी शुश्रूषा आहे; शरीर ते स्वीकारत आहे तोवर ती देत राहावी. छापील नमुन्यावर ‘सर्व उपचार बंद’ असे एकच वाक्य असते आणि घाईत आपण त्यावर सही करतो. माझी काळजी तेवढीच आहे. पापाची भीती दाखवून म्हाताऱ्या माणसांना हा कागद टाळायला लावणे मला पटत नाही, कारण मग आयसीयूच्या दारात मुलेच एकमेकांशी भांडतात. तसे मी पाहिले आहे.

आजींनी सही केली नाही. त्या कागद घेऊन घरी गेल्या आणि पुढच्या रविवारी परत आल्या. नळीच्या अन्न-पाण्याबद्दलची ओळ त्यांनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. ‘‘आता नोटरीकडे जाते,’’ म्हणाल्या.

तुमचा धर्मगुरू